कोड नाहीतर मोबाईल: पॉवर क्वेरीत दुहेरी मर्ज

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांची यादी आणि पावत्या एक्सेलमध्ये जोडायच्या होत्या. काही पावत्यांवर शेतकरी कोड, उरलेल्यांवर नुसता मोबाईल. पॉवर क्वेरी या एक्सेलमधल्या डेटा जोडण्याच्या साधनात मर्ज करताना, म्हणजे दोन तक्ते जोडताना, दोन कॉलम निवडले की दोन्ही जुळावेच लागतात. ‘हा किंवा तो’ चालत नाही. म्हणून लेफ्ट आउटर मर्ज (पावत्यांच्या सगळ्या ओळी राहतात, यादीतलं जुळेल तेवढंच येतं) दोनदा केलं, आधी कोडवर, मग मोबाईलवर. शेवटी कस्टम कॉलम, म्हणजे सूत्र लिहून केलेला नवा कॉलम: कोडवरून आलेलं नाव नल (रिकामं) असेल तर मोबाईलवरून आलेलं घे.

खरी गंमत रिकाम्या खान्यांची. पॉवर क्वेरी नलला नलशी जुळवते, त्यामुळे बिनकोडाची पावती यादीतल्या प्रत्येक बिनकोडाच्या बागायतदाराला चिकटते आणि ओळी फुगतात. प्रत्येक मर्जआधी यादीतले ते रिकामे खाने गाळले. मोबाईल दोन्हीकडे टेक्स्टच ठेवा. बापलेकांचा नंबर एकच असेल, तर मात्र हातानेच बघावं लागतं.