जिओटेक्स्टाइलच्या कामात नव्याने येताय? वजनकाटा जरा बाजूला ठेवा

सिव्हिलची डिग्री किंवा डिप्लोमा हातात आहे, जिओसिंथेटिक्स (जमिनीत घालायची कृत्रिम कापडं, फिल्म वगैरे) हा विषय फार तर एका सेमिस्टरला वरवर शिकलाय आणि आता रस्त्याच्या, कालव्याच्या नाहीतर किनारा संरक्षणाच्या कामावर क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणारा, म्हणून रुजू व्हायचंय, अशांसाठी हे लिहितेय. जिओटेक्स्टाइल म्हणजे माती-खडीत घालायचं, पाणी सोडणारं कापड. वोव्हन (विणलेलं) कशाला म्हणतात, नॉनवोव्हन (न विणता तंतू एकमेकांत गुंतवलेलं) कशाला, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. थर वेगळे ठेवणं, गाळणं, निचरा, मजबुती, संरक्षण ही कापडाच्या कामांची यादीही पाठ असेल. मुलाखतीत तेवढं विचारतातच. साइटवर मात्र ती यादी कोणाच्या तोंडी नसते. ट्रकमधून रोल उतरायला लागले की एकच प्रश्न येतो, "किती जीएसएमचं आलंय?"

सापळा तोच. मी त्यात बरेच दिवस होते, आणि आजही अंदाजपत्रकात नुसतं "२०० जीएसएम जिओटेक्स्टाइल" एवढंच लिहिलेलं दिसलं की पोटात गोळा येतो. म्हणून या एका गोष्टीवर मी गरजेपेक्षा जास्त बोलणार आहे.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, बस. ते मोजायला सोपं आहे म्हणून लोकप्रिय आहे. तुकडा कापा, काट्यावर ठेवा, रजिस्टरात आकडा लिहा. पण वजनावरून कापडातून पाणी जाईल की नाही ते कळत नाही. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१ च्या आसपास, पॉलिस्टरची १.३८. दोन्हींची नॉनवोव्हन कापडं २०० जीएसएमची असली तरी पॉलिस्टरच्या कापडात तंतूंचं आकारमान जवळजवळ एक तृतीयांशाने कमी भरतं. आणि चपट्या पट्ट्यांचं विणलेलं, ज्याला आपण स्लिट टेप म्हणतो, तेही २०० जीएसएममध्ये मिळतं. काट्यावर तिन्ही सारखी. जमिनीत गेल्यावर तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

देशावरच्या काळ्या मातीतला एक रस्ता होता. रिटेनिंग वॉलच्या, म्हणजे भराव अडवणाऱ्या भिंतीच्या मागे, पायथ्याशी खडीचा चर आणि चराभोवती कापड, असं नेहमीचंच डिझाइन. आलेलं कापड स्लिट टेपचं होतं. टेन्साइल स्ट्रेंग्थचा (ताण सोसायच्या ताकदीचा) रिपोर्ट झकास, वजन मागितल्यापेक्षा थोडं जास्तच, सगळे खूश. पाऊस सुरू झाला. मागचा भराव चिंब, वर पाणी साचलेलं, पण भिंतीतली वीप होल्स (मागचं पाणी बाहेर पडायची भोकं) कोरडी ठणठणीत. एका ठिकाणी चर उघडला तेव्हा मातीच्या बाजूने कापडावर चिकणमातीचा गुळगुळीत, बोट फिरवलं तर चकाकणारा थर बसलेला. दुसऱ्या बाजूची खडी इतकी कोरडी की हाताला क्रशरची पांढरी धूळ लागली. त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून एक साहेब म्हणाले, "बघा, कापडाने काम चोख केलंय, खडीत मातीचा कणही नाही." मातीचा कण नव्हता, कारण पाण्याचा थेंबही नव्हता. भिंतीच्या मागे पाणी तुंबलं की मातीच्या दाबात पाण्याचा दाब मिळतो, आणि तो दाब घेण्यासाठी ती भिंत डिझाइन केलेलीच नसते.

स्लिट टेपच्या कापडात पट्ट्यांच्या मधली भोकं मुळात कमी, आणि असतात त्यावर थोडी बारीक माती बसली की बंद. वर त्या पट्ट्या सरकतात, त्यामुळे जिथे ताण येईल तिथे भोक मोठं होऊन माती निसटते. म्हणून भूमिगत निचऱ्याच्या चरात स्लिट टेप वापरू नये असं अमेरिकेतल्या आश्टो या महामार्ग संघटनेच्या एम २८८ या मानकात स्पष्ट लिहिलंय. मोनोफिलामेंट (सुट्या एकेरी धाग्यांचं) वोव्हन वेगळं, ते गाळणीच्या कामाला चांगलं असतं. म्हणजे "वोव्हन वाईट, नॉनवोव्हन चांगलं" असंही पाठ करू नका. कोणीतरी तुम्हाला तसं सांगेलच.

गाळणीच्या कापडाकडून दोन उलट मागण्या असतात. माती अडव, पण पाणी जाऊ दे. पहिलीचं माप एओएस, म्हणजे कापडाच्या भोकांचा आकार. काचेचे ठराविक मापाचे मणी कापडावर हलवतात, आणि ज्या मापाचे जेमतेम ५ टक्के मणी आरपार जातात ते माप म्हणजे एओएस, यालाच ओ९५ म्हणतात. दुसरीचं माप परमिटिव्हिटी, म्हणजे जाडी हिशेबात न घेता कापडातून पाणी किती सहज पार होतं ते. त्याच एम २८८ प्रमाणे, तुमच्या मातीत ७५ मायक्रॉनखालचे (०.०७५ मिमीहून बारीक) कण १५ टक्क्यांहून कमी असतील तर एओएस जास्तीत जास्त ०.४३ मिमी आणि परमिटिव्हिटी किमान ०.५ प्रति सेकंद. कण १५ ते ५० टक्के असतील तर ०.२५ मिमी आणि ०.२. निम्म्याहून जास्त असतील, आपली काळी माती बहुतेक इथेच बसते, तर ०.२२ मिमी आणि ०.१. या तीन ओळी मोबाइलमध्ये नाही, डोक्यात ठेवा. आणि बघा, यात जीएसएम कुठेच नाही.

आता हुशार मुलं विचारतात, मीही विचारलं होतं: कण ७५ मायक्रॉनहून बारीक आणि भोक २२० मायक्रॉनचं, मग माती थांबते कशी? इथे सगळे चहाच्या गाळणीचं उदाहरण देतात आणि तिथेच समजूत बिघडते. गाळणीत जाळी चोथा अडवते. जमिनीत कापड फक्त सुरुवात करून देतं. पहिले काही बारीक कण निघून जातात, मग थोडे मोठे कण भोकांच्या तोंडाशी एकमेकांना टेकून कमान धरतात, त्यांच्या मागे त्याहून बारीक अडतात, आणि मातीचाच एक गाळणारा थर तयार होतो. चिकणमाती तर सुट्या कणांनी नाही, ढेकळांनी वागते. सुरुवातीला थोडं गढूळ पाणी आलं म्हणून घाबरू नका, ते अपेक्षितच आहे. गढूळ येतच राहिलं तर मात्र घाबरा.

या कमानी कधी बनतात? कापड मातीला घट्ट चिकटलेलं असेल तरच. चराची बाजू वेडीवाकडी खोदली, कापड ताणून लावलं आणि मागे पोकळी राहिली की त्या पोकळीत माती पाण्यात कालवली जाते आणि चिखल होऊन कापडावर येऊन बसते. मग एओएस कितीही बरोबर असो, कापड तुंबणारच. म्हणून कापड थोडं सैल सोडायचं, खडी भरताना ते मातीवर दाबलं जाईल एवढं. तसंच छिद्रांच्या पाइपलाच कापड गुंडाळून मोकळं होण्याची पद्धत आहे, काम पटकन होतं म्हणून. तसं करू नका. पाणी घ्यायला जिथे अख्ख्या चराच्या भिंती मिळाल्या असत्या तिथे पाइपच्या भोकांपुरती जागा उरते. कापड चराला लावा, आत खडी, खडीत पाइप.

विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात काम मिळालं तर एओएस-परमिटिव्हिटीच्या त्या तीन ओळींवरही विसंबू नका. तिथली माती सोडियममुळे पाण्यात विस्कटते, ढेकूळ म्हणून टिकत नाही. तिथे साइटची माती आणि ठरलेलं कापड एकत्र ठेवून त्यातून पाणी सोडण्याची चाचणी करून घ्या. वेळ लागतो, वरिष्ठ कुरकुरतात. कुरकुरू द्या.

एवढं वाचून वाटेल की जीएसएमला काही किंमतच नाही. तसं नाही. शेततळ्याचं उदाहरण घ्या. २०१६ च्या "मागेल त्याला शेततळे" योजनेनंतर गावोगावी ५०० मायक्रॉनची प्लास्टिक फिल्म दिसायला लागली. ती फिल्म पाणी अडवते. जिओटेक्स्टाइल पाणी सोडतं. हा फरक शेतकऱ्याला कळतो, पण कधीकधी बिलात घोळ असतो, नीट वाचा. मुरमाड, दगडाच्या टोकांचा तळ असेल तर फिल्मखाली जाड नॉनवोव्हन घालतात. तिथे कापडाचं काम उशीचं आहे, आणि तिथे वजन आणि जाडी खरंच कामाला येते. पावसाळ्यात भूजल वर आलं की फिल्मखालचं पाणी त्या जाडीतून आडवं सरकायलाही मदत होते, नाहीतर रिकाम्या तळ्यात फिल्म फुगून वर येते. जीएसएम हा आकडा खोटा नाही, तो चुकीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरला जातो.

समुद्रकिनाऱ्यावर जाल तर दगडी बांधाखालच्या कापडाबद्दल दोनच गोष्टी सांगते. पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं, त्यामुळे भरती यायच्या आत ते अंथरून, वजन ठेवून, दगड टाकायला सुरुवात होईल असाच दिवस आखा. आणि एक्स्कॅव्हेटरवाल्याला दगड उंचावरून सोडू देऊ नका. फाटलेलं कापड दगडांखाली दिसत नाही. बांध खचतो तेव्हाच दिसतं. नैसर्गिक कापडांचं गणित उलटं आहे. ताग आणि काथ्या कुजावेत हीच अपेक्षा असते, गवताची मुळं उताराची माती धरेपर्यंत तग धरला की झालं. ग्रामीण रस्त्यांच्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत २०२० मध्ये काथ्याच्या कापडाला मान्यता मिळाली, त्यात महाराष्ट्रही होता, त्यामुळे हे रोलही तुमच्या साइटवर येऊ शकतात. काथ्याचं कापड कुजतं म्हणून ते रिजेक्ट करू नका, आणि कायम टिकेल म्हणून पासही करू नका.

शिकायचं कुठे, हे खूप जण विचारतात. दोन दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटबद्दल माझं मत चांगलं नाही. ते नावापुढे लावता येतं, रोलपुढे उभं राहिल्यावर उपयोग शून्य. त्यापेक्षा आयएस १६३९३ हे भारतीय मानक वाचा, ते निचऱ्याच्या कापडाबद्दल आहे. आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेसचं) एसपी ५९ आणि रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनचं सेक्शन ७०० वाचा. भाषा रटाळ आहे, पण भांडण झालं की हीच कागदपत्रं तुमच्या बाजूने उभी राहतात. मुंबईत असाल तर घाटकोपरची बीट्रा (बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन) ही संस्था या विषयातलं देशाचं उत्कृष्टता केंद्र आहे. चाचणी कशी होते ते एकदा डोळ्यांनी बघा. काचेचे मणी कापडावर उड्या मारताना पाहिले की एओएस परत विसरत नाही.

सेल्स इंजिनिअर फुकटात शिकवतात, आणि खरंच शिकवतात. ऐका. फक्त ते स्वतःच्या कॅटलॉगपुरतं शिकवतात. त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: "हा आकडा टिपिकल की एमएआरव्ही?" टिपिकल म्हणजे सरासरी, म्हणजे निम्मे रोल त्याखाली असू शकतात. एमएआरव्ही म्हणजे सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा केलेला आकडा, बहुतेक सगळे रोल त्याच्या वर असायला हवेत. टेंडर एमएआरव्ही मागतं, कॅटलॉग बऱ्याचदा टिपिकल दाखवतो. हा एक प्रश्न विचारलात की समोरचा तुमच्याशी वेगळ्या स्वरात बोलू लागतो, हे अनुभवाने सांगते.

गुरू म्हणाल तर मला मोठ्या डिग्रीवाल्यांपेक्षा अंथरणाऱ्या मुकादमांनी जास्त शिकवलं. ओव्हरलॅप वाऱ्याच्या दिशेने नाही, भराव ज्या दिशेने पसरणार त्या दिशेने घालायचा, नाहीतर डोझर कापडाची कड उचलतो. जमीन बरी असेल तर ३० ते ४५ सेमी ओव्हरलॅप पुरतो, पाय रुतणाऱ्या मऊ जमिनीत मीटरभर किंवा सरळ शिवण. अंथरलेलं कापड १४ दिवसांच्या आत झाकायचं, ऊन त्याला खातं. ताज्या काँक्रीटला लागून पॉलिस्टर नको, अल्कलीने ते कमजोर होतं. यातलं निम्मं मुकादमाला कारणाशिवाय माहीत होतं, मला कारणं माहीत होती आणि करून बघितलेलं नव्हतं.

सुरुवातीला दडपण येईल. वरिष्ठ म्हणतील, "जीएसएम बघ आणि सही कर." तुमची नोकरी नवीन, घरी हप्ते, आणि रोल उतरवणारा ट्रक थांबलेला. वाद घालू नका, पण कोरी सहीही करू नका. रजिस्टरात वजन लिहा आणि त्याच ओळीत "एओएस व परमिटिव्हिटी अहवाल येणे बाकी" असं लिहून मग सही करा. आवाज चढवावा लागत नाही आणि ती ओळ कोणाला खोडता येत नाही. रोलचे बाहेरचे एक-दोन वेढे सोडून, पूर्ण रुंदीचा नमुना घ्या, घडी न घालता गुंडाळा, त्यावर लॉट नंबर आणि रोल नंबर लिहा. प्रयोगशाळेत पाठवाल त्याबरोबर हातभर तुकडा स्वतःच्या कपाटात, अंधारात ठेवा. दोन पावसाळ्यांनी कोणी चर उघडून "कापडच खराब होतं" म्हणालं, तर मूळ कापड दाखवायला तोच तुकडा लागतो.