पुरलेल्या पाइपाचं हरवलेलं टोक

आगरात पुरलेल्या पीव्हीसी पाइपाचं टोक मातीखाली गेलं, की अंदाजाने खणत सुटू नका. नुसत्या प्लास्टिकला मेटल डिटेक्टर दाद देत नाही.

पाइपाचं उघडं तोंड हाताशी असेल तर ठिबकची १६ मिमीची काळी नळी घ्या. तिचं टोक दुमडून चिकटपट्टीने गुंडाळा, म्हणजे सांध्यांत अडकणार नाही. थांबेपर्यंत आत सारा, तोंडाशी खूण करा, ओढून काढा आणि पाइप ज्या दिशेने गेलाय त्या दिशेने जमिनीवर अंथरा. फक्त एक लक्षात घ्या: नळी थांबली ते टोकच असेल असं नाही, काटकोनी एल्बो (पाइप वळवणारा जोड) असला तरी ती तिथेच अडते. म्हणून तिथून पुढे तिन्ही बाजू तपासायच्या.

इथे आपला कोकणातला जांभा खडक कामी येतो. कातळ फोडून काढलेला चर नंतर भुसभुशीत मातीने भरलेला असतो. बोथट टोकाची सळई हलक्या हाताने टोचत जा. चरावर ती सरसर उतरते, बाजूला खट्कन थांबते. जवळून विजेची केबल गेली असेल तर मात्र सळई नकोच.

खणताना चर पाइपाला आडवा घ्या, म्हणजे पाइप सापडायची शक्यता वाढते. शेवटचा वीतभर थर खुरप्याने काढा. पहारीच्या एका घावात पाइप फुटतो.

टोक मिळालं की त्यावर चिरा ठेवा आणि विहिरीचा कठडा व घराचा कोपरा, दोन्हींपासूनची अंतरं वहीत लिहा. अंतर मोजायला खूण म्हणून माड नको, तो वादळात पडू शकतो.