पोलीस म्हणाले "लॉक उघड", तर काय करायचं

परवा मावसभावाला रात्री साडेअकराला नाकाबंदीत अडवलं. लायसन डिजीलॉकरमध्ये होतं म्हणून गड्याने अख्खा फोनच हातात दिला, मग काय, लायसन बघून झालं आणि साहेबांचा अंगठा सरकत सरकत गॅलरीत पोचला आणि वर "ही कोण?" हा प्रश्न. गुन्हा नाही, तक्रार नाही, नुसता टाईमपास.

तर पहिली गोष्ट, फोन हातात देऊ नका, स्क्रीन दाखवा. द्यावाच लागला तर अँड्रॉइडमध्ये ॲप पिनिंग आणि आयफोनमध्ये गायडेड ॲक्सेस असतं, ते घरीच चालू करून बघा, म्हणजे डिजीलॉकर सोडून दुसरं काही उघडत नाही. ऐनवेळी सेटिंगमध्ये शोधत बसाल तर अजूनच संशय येईल.

ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादला पोलीस रस्त्यात लोकांना थांबवून व्हॉट्सॲपमध्ये "गांजा" शब्द सर्च करत होते, व्हिडिओ देशभर फिरला होता. असं कुणालाही धरून चॅट वाचायचा अधिकार कायद्यात नाहीये, २०१७ पासून प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. शांतपणे विचारा, "साहेब, कुठल्या केसमध्ये? नोटीस आहे का?" आवाज चढवू नका आणि झटापट तर अजिबात नको, फोन हिसकावलाच तर "माझी संमती नाही" एवढं स्पष्ट बोला आणि नाव-बक्कल नंबर लक्षात ठेवा.

खरी केस असेल तर मात्र वेगळं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ९४ खाली फोन हजर करायची लेखी नोटीस येऊ शकते आणि कलम १०६ खाली संशयावरून जप्तीही होते, तिथे अडवून उपयोग नाही. पण जप्ती म्हणजे कागद आलाच. पंचनामा पाहिजे, त्यात मॉडेल आणि आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर) पाहिजे, फोन तुमच्यासमोर सील व्हायला पाहिजे, आणि १ जुलै २०२४ पासून कलम १०५ प्रमाणे जप्तीचं व्हिडिओ शूटिंगही करायचं असतं. न वाचता सही करू नका, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

आता पिन. राज्यघटनेचं कलम २०(३) म्हणतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या अकरा जजांनी सांगितलं की बोटांचे ठसे म्हणजे साक्ष नव्हे, आणि २०१० मध्ये सेल्वी केसमध्ये नार्को टेस्टची (औषध देऊन बोलतं करण्याची) जबरदस्ती चालणार नाही असंही सांगितलं. म्हणजे बोट शरीराचं, पिन डोक्यातला. गंमत अशी की यावर कोर्टांचंच एकमत नाही, कर्नाटक हायकोर्ट २०२१ मध्ये म्हणालं पासवर्ड देणं म्हणजे साक्ष नाही, आणि दिल्ली हायकोर्ट २०२३ मध्ये म्हणालं आरोपीवर पासवर्डसाठी जबरदस्ती करता येत नाही. म्हणून चौकशीत बसल्या बसल्या हो किंवा नाही म्हणण्यापेक्षा "वकिलांशी बोलून सांगतो" हे वाक्य पाठ करून ठेवा, अटक झाली असेल तर चौकशीदरम्यान वकिलांना भेटायचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३८ देतं. मी स्वतः फिंगरप्रिंट अनलॉक बंद करून सहा आकडी पिन ठेवलाय, आणि तसंही फोन रिस्टार्ट केला की पहिल्यांदा पिनच मागतो.

आयटी ॲक्टचं कलम ६९ वेगळं आहे हां, त्याखाली सरकार डेटा उघडून द्यायची ऑर्डर काढू शकतं. ती सहसा गृहसचिवांच्या पातळीवरची ऑर्डर असते, ती नाकारली तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा, तेव्हा चौकीतला कोणी नुसतं "आयटी ॲक्ट" म्हणाला तर ऑर्डरची कॉपी मागा.

आणि एक हात जोडून सांगतो, पोलीस येणार असं कळल्यावर चॅट डिलीट करायला बसू नका, पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा लागतो आणि साध्या केसची मोठी केस होते.

फोन परत मिळवायचा तर मॅजिस्ट्रेटकडे वकिलामार्फत अर्ज करायचा, कोर्ट बाँड लिहून घेऊन सुपुर्दनाम्यावर (म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन या अटीवर) देऊ शकतं, पण फॉरेन्सिकला गेला असेल तर वाट बघावी लागते. अर्जाला बिल आणि आयएमईआय लागतो, तो आत्ताच स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून वहीत लिहून ठेवा, कारण खोक्यावर छापलेला असतो म्हणून मी निवांत होतो आणि आमच्या खोक्यात आईने सुया-बटणं भरून झाकण कधीच फेकून दिलंय.