मोरोक्को कमी पैशात कसं फिरायचं
दिरहम, म्हणजे तिथलं चलन, तिथे पोचल्यावरच घ्या, एटीएममधून काढले तरी चालतं. कासाब्लांका ते माराकेश ट्रेनचा सेकंड क्लास मस्त आहे, पण ट्रेन माराकेशलाच संपते, पुढे वाळवंटाकडे मर्झुगाला जायचं तर बस. छोट्या गावांसाठी ग्रँड टॅक्सी, म्हणजे आपली वडापच, सहा सीट भरल्या की निघते, एका सीटचे पैसे द्यायचे आणि घाई असेल तर रिकाम्या सीटचेही तुम्हीच भरा. शहरातल्या पेटिट टॅक्सीत बसताना मीटर टाकायला सांगा, नाहीतर भाव ऐकून चक्कर येईल!

व्हेज असाल तर सकाळी बिसारा शोधा, सुक्या बाकल्याचं (फावा बीन्सचं) घट्ट सूप, वर ऑलिव्ह ऑइल न जिरं, सोबत पाव, अगदी स्वस्तात पोट भरतं. हरीरा हे सूप घेताना मात्र आधी विचारा, त्यात बऱ्याचदा मटण असतं.