घरी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या वॅटचा हिशेब

विद्युत अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एका मोडक्या स्टॅबिलायझरचा लोखंडी गाभा आणला आणि त्यावर 230 व्होल्टचे 12 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला. गुंडाळणे दोन रविवारांत उरकले; तो किती वॅट घेतो आणि किती देतो हे कळायला मात्र त्याहून बराच अधिक काळ लागला.

गाभ्याच्या मधल्या पायाचे क्षेत्रफळ 9 चौरस सेंटिमीटर होते. विजेची वारंवारिता 50 हर्ट्झ आणि गाभ्यातली चुंबकीय घनता 1 टेस्ला धरल्यास 45 ला या क्षेत्रफळाने भागून एका व्होल्टमागचे वेढे मिळतात, म्हणजे येथे 5. त्यानुसार प्रायमरीला, म्हणजे 230 व्होल्टच्या गुंडाळीला, 30 गेज तारेचे 1150 वेढे घातले आणि सेकंडरीला, म्हणजे 12 व्होल्टच्या गुंडाळीला, 18 गेजचे 60; शिवाय भार पडल्यावर व्होल्टेज उतरते म्हणून आणखी 5. दर शंभर वेढ्यांना कागदावर रेघ ओढावी, कारण जेवायला हाक आली की मनातला आकडा हमखास निसटतो.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड वापरावा, म्हणजे ज्यात वीज 100 वॅटच्या बल्बमधूनच पुढे जाते असा बोर्ड. सेकंडरी मोकळी असतानाही बल्ब लख्ख पेटला, तर आत कुठेतरी वेढे शॉर्ट झाले आहेत असे समजावे. प्रायमरीची टोके उघडी ठेवून एकट्याने प्रयोग करू नये. 230 व्होल्टला नवखा आणि जाणता यांतला फरक कळत नाही.

माझा पहिला गोंधळ भाराविनाच झाला. मल्टिमीटरने 230 व्होल्ट आणि 0.06 अँपिअर दाखवले, मी गुणाकार करून 13.8 वॅट फुकट जातात असे वहीत लिहिले. पण तासभर चालू ठेवूनही गाभा जेमतेम कोमट झाला होता. एवढ्या लहान वस्तूत खरोखर 14 वॅट मुरत असते, तर ती चांगलीच तापली असती. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वॅटमीटरचा काटा इतक्या कमी शक्तीला जागचा हलत नाही, म्हणून सरांनी लो पॉवर फॅक्टर वॅटमीटर दिला. त्यावर 4 वॅट दिसले. उरलेला बहुतेक प्रवाह गाभा चुंबकित करण्यासाठी जातो आणि ती ऊर्जा दर आवर्तनात परत येते, म्हणून 13.8 हे व्होल्ट-अँपिअर होते, वॅट नव्हेत.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी होती. भार म्हणून मोटारीचे 12 व्होल्ट, 21 वॅटचे दोन बल्ब लावले आणि 13 व्होल्ट गुणिले 3.5 अँपिअर म्हणजे 45.5 वॅट बाहेर पडतात असे धरून कार्यक्षमता 92 टक्के काढली. सरांनी विचारले, "13 व्होल्ट कधी मोजलेस?" मी ते बल्ब लावण्याआधी मोजले होते आणि 3.5 अँपिअर लावल्यानंतर. दोन्ही एकाच वेळी मोजल्यावर व्होल्टेज 11.9 भरले, म्हणजे 41.7 वॅट, आत जाणारे 49.5 वॅट होते आणि कार्यक्षमता 84 टक्के. 98 टक्क्यांची भाषा गल्लीतल्या डीपीच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला शोभते, एवढ्याशा गाभ्याला नाही.

हा आकडा पडताळण्यासाठी सेकंडरी शॉर्ट करून डिमरस्टॅटने प्रायमरीचे व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवले. 20 व्होल्टलाच सेकंडरीतून 3.5 अँपिअर वाहू लागले आणि वॅटमीटरने सुमारे 4 वॅट दाखवले. हा तारेच्या तांब्यातला ऱ्हास. गाभ्यातले 4 मिळवून 8 होतात आणि आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या वॅटमधला प्रत्यक्ष फरक 7.8 होता. त्या दिवशी मला परीक्षेतल्या गुणांपेक्षा अधिक आनंद झाला.

ज्यांच्याकडे वॅटमीटर नाही, त्यांनी घरातली इतर सर्व उपकरणे बंद करून विजेच्या मीटरवरचा लाल दिवा पाहावा. आमच्या मीटरवर एका युनिटला 3200 लुकलुका असे छापलेले आहे, म्हणजे एक लुकलुक 1125 ज्यूलची. बल्बांच्या भारावर अशा दहा लुकलुकांना 3 मिनिटे 47 सेकंद लागले. भागाकार केल्यास 49.6 वॅट येतात. सुरुवातीला भार बल्बांचाच ठेवावा. एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर आणि कपॅसिटर जोडला की प्रवाह टोकदार होतो आणि स्वस्त मल्टिमीटर, जो केवळ साइन तरंग गृहीत धरून आकडा दाखवतो, तो प्रवाह बराच कमी सांगतो.