पट्टी झाका, मग मदुरोला गुण द्या

अमेरिकेत माजी सैनिकांनी काढलेले सिगारचे ब्रँड आहेत. 'वॉरफायटर टोबॅको'चंच बघा, सिगारींची नावं थेट बंदुकीच्या गोळ्यांच्या मापांवरून: ५.५६, ७.६२. ज्याच्या घरात कोणी फौजेत होतं, त्याला असा डबा उघडतानाच भरून येतं. गुणांची गडबड तिथेच सुरू होते. माजी सैनिकांच्याच एका ब्रँडच्या मदुरोला, म्हणजे गडद पानाच्या सिगारीला, मी पहिल्यांदा शंभरात ९२ दिले होते. आठवड्याने मित्राने त्याच डब्यातली दुसरी सिगार पट्टी (सिगारीभोवतीचा ब्रँडच्या नावाचा कागद) झाकून हातात दिली, तर ८६. मधले सहा गुण पट्टीचे होते.

म्हणून आधी पट्टी झाका. दोन-तीन वेगळ्या सिगारी मित्राकडे द्या, पट्टीवर कोरा कागद गुंडाळून १, २, ३ असे आकडे टाकायला सांगा. 'सिगार अफिशनाडो' नियतकालिकातही परीक्षकांना ब्रँड कळू न देताच चव घ्यायला लावतात.

चाखण्याआधी सिगारीला विश्रांती द्या. घट्ट झाकणाच्या डब्यात ६५ ते ७० टक्के आर्द्रता राखणारी पुडी टाकून दोन आठवडे ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलीत तर बुरशी ठरलेली. अशी ओलसर सिगार नीट जळत नाही, आणि दोष मात्र बनवणाऱ्याच्या माथी जातो.

आता पान बघा. मदुरो म्हणजे स्पॅनिशमध्ये 'पिकलेलं'. पानांचे मोठे ढीग रचून, आतल्या उष्णतेत ती जास्त काळ मुरवली की हा गडद रंग येतो. निपाणीकडच्या वखारीत जो शिरला असेल, त्याला मुरलेल्या तंबाखूचा वास वेगळा सांगायला नको. वरच्या आवरणाला बहुधा अमेरिकेतलं कनेटिकट ब्रॉडलीफ किंवा मेक्सिकोतलं सान आंद्रेस पान वापरतात. दोन्ही जाड आणि खरबरीत, त्यामुळे शिरा दिसल्या म्हणून गुण कापू नका. मऊ खड्डे किंवा टणक गाठी बोटांना लागल्या तर जरूर कापा. आणि काळी म्हणजे कडक, हा समज सोडा. कडकपणा मुख्यतः आतल्या पानांवर ठरतो, विशेषतः झाडाच्या शेंड्याकडच्या 'लिहेरो' पानांवर.

पोट भरलेलं असू द्या. उपाशीपोटी निकोटिन चढलं की घाम फुटतो, मळमळतं. तसं झालंच तर सिगार ठेवा, साखर खा आणि त्या दिवशी गुण देऊ नका. सोबतीला साधं पाणी पुरे. व्हिस्की घेतलीत तर गुण व्हिस्कीला जातील.

टोपी, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक, दोनेक मिलिमीटरच कापा. न पेटवता एक झुरका ओढा. कोको, मनुका, कधी ओल्या लाकडाची चव जिभेवर येते, ती लगेच टिपून ठेवा. पेटवायला गॅसचा लायटर घ्या, पेट्रोलचा नको, त्याचा वास पानात बसतो. ज्योत टोकाला न टेकवता, सिगार फिरवत कडा शेकून घ्या आणि मगच ओढा.

मिनिटाला एक झुरका. घाई केलीत तर पान करपतं आणि चांगली मदुरोही कडवट लागते. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. सोडताना थोडासा नाकावाटे जाऊ दिलात की मिरीचा झणका आणि गोडवा वेगवेगळे कळतात. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येईल, चालायचंच. (छातीत न घेतल्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र टळत नाही. जो ओढत नाही त्याने या लेखासाठी सुरू करू नये.)

पाच इंची रोबुस्तो (आखूड, जाड आकाराची सिगार) पाऊण ते एक तास चालते. तिचे मनातल्या मनात तीन भाग करा आणि प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवा. शब्द आपल्या जिभेवरचे वापरा: काकवी, भाजलेली कॉफी, खारीक, पहिल्या पावसाची माती. परदेशी लेखांतले 'लेदर' आणि 'सीडर' उसने घेऊन काय कळणार? चांगली मदुरो पहिल्या भागात मिरीसारखी, मधे गोड आणि शेवटी कॉफीच्या साक्यासारखी होते. सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकच चव लागली, तर ती कितीही छान असो, माझ्याकडून नव्वदीत जात नाही.

जळण्याची रेघ वाकडी गेली तर एकदा लायटरने सरळ करा. तीनदा करावी लागली तर गुण कापा.

मी शंभरातले १५ रूप आणि बांधणीला, २५ धूर किती सहज ओढला जातो त्याला आणि जळण्याला, ४० चवीला आणि २० 'पुन्हा विकत घेईन का' या एका प्रश्नाला देतो. तो शेवटचा प्रश्न किंमत बघायच्या आत सोडवा. त्याच डब्यातली दुसरी काही दिवसांनी ओढून बघा. हातवळणीच्या वस्तूत फरक पडतो, तेव्हा दोन्हींची सरासरी धरा.

पट्टी त्यानंतर उघडा. सैनिकांचं नाव दिसलं की आकडा वाढवावासा वाटेल. वहीत पेनाने लिहिलेला असेल तर बरं.