खोडव्याचा केवडा आणि फेरस सल्फेट

शिरोळ तालुक्यातील आमच्या काळ्या, चुनखडीयुक्त रानात उसाच्या खोडव्यावर (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकावर) केवडा, म्हणजे पाने पिवळी-पांढरी पडण्याचे दुखणे, पडला, तेव्हा शेजारच्या अण्णांनी युरियाचा आणखी एक हप्ता सुचवला. पान हातात घेऊन पाहिले, तर शेंड्याकडची नवी पाने पिवळी-पांढरी, शिरा मात्र हिरव्या आणि खालची जुनी पाने टवटवीत होती. नत्र कमी पडले की जुनी पाने आधी पिवळी पडतात, कारण झाड तेथील नत्र शेंड्याकडे वळवते. लोह तसे फिरत नाही, म्हणून त्याची कमतरता कोवळ्या पानांवरच दिसते.

माती परीक्षणात सामू (pH) 8 च्या वर आला. अशा जमिनीत लोह असूनही ते न विरघळणाऱ्या रूपात अडकते, त्यामुळे 46 टक्के नत्राचा युरिया कितीही टाकला तरी हे दुखणे जाणार नव्हते.

तातडीने फेरस सल्फेट या लोहयुक्त खताची 0.5 टक्के, म्हणजे 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम, अशी फवारणी केली. जिथे थेंब टेकले तिथे पानावर आधी हिरवे ठिपके उमटले. जमिनीतून देताना मात्र हेक्टरी 25 किलो फेरस सल्फेट दहापट कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ढीग काही दिवस मुरू देऊन मगच सरीत दिले, कारण नुसते टाकलेले लोह चुनखडीत लगेच अडकते आणि शेणखतातील सेंद्रिय आम्ले ते मुळांसाठी धरून ठेवतात. पाणीही वाफसा (माती ओलसर पण चिखल नसलेली स्थिती) पाहूनच देऊ लागलो, कारण अशा रानात पाणी साचले की बायकार्बोनेट वाढून केवडा बळावतो.